काचेवरचे ओरखडे

निगेटिव्हमधला माणूस पटकन ओळखू येत नाही. केस पांढरेशुभ्र, कातडी काळीकुट्ट, बुबुळं फिकी आणि डोळ्यांचा पांढरा भाग काळा. काच उजेडासमोर धरायची आणि मनातल्या मनात सगळं उलटं करून बघायचं. डार्करूममध्ये वर्षं घालवलेल्यांना ते जमतं, बाकीच्यांना नुसती भुतं दिसतात.

१९५८ साली न्यू ऑर्लीन्समध्ये लॅरी बोरेनस्टीन नावाच्या चित्रविक्रेत्याच्या संग्रहात ली फ्रीडलँडरने अशा काचा पाहिल्या, तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. पण निगेटिव्ह वाचायला तो शिकला होता. अटलांटिक रेकॉर्ड्सच्या तबकड्यांच्या वेष्टनांसाठी तो जॅझ वादकांचे फोटो काढायचा, आणि म्हातारे वादक भेटावेत तर न्यू ऑर्लीन्सलाच. बोरेनस्टीनचं दुकान फ्रेंच क्वार्टरमध्ये, सेंट पीटर स्ट्रीटवर. चित्रं विकायची, जुनंपानं गोळा करायचं आणि वादकांना बोलावून वाजवायला बसवायचं, असा त्याचा खाक्या. १९६१ मध्ये त्याच जागेचा 'प्रिझर्व्हेशन हॉल' झाला. आजही तिथे रोज रात्री जॅझ वाजतं.

काचा आठ बाय दहा इंचांच्या होत्या. त्यांवर बायका होत्या. कुणी गळ्यापर्यंत बंद पोशाखात, टोपी घालून. कुणी झिरझिरीत अंतर्वस्त्रांत. कुणी अंगावर काहीच न घालता, खुर्चीवर किंवा वेताच्या बाकावर. एकीच्या पायांत आडव्या पट्ट्यांचे लांब मोजे आणि हातात दारूचा छोटा प्याला, शेजारी टेबलावर रॅली राय व्हिस्कीची बाटली. एकीने डोळ्यांवर काळा मुखवटा चढवलेला. काही काचांवर शरीर जागच्या जागी होतं, पण चेहऱ्यावरचा लेप कुणीतरी खरवडून काढला होता. काच उजेडात धरली की तिथून पलीकडचं आरपार दिसे.

हे फोटो काढणारा अर्नेस्ट जोसेफ बेलॉक १९४९ मध्ये वारला होता. त्याच्या पश्चात त्याच्या टेबलात काचा सापडल्या, असं सांगतात. तिथून हातोहाती फिरत त्या बोरेनस्टीनकडे आल्या. एकूण ८९. काही तडकलेल्या, काहींच्या कोपऱ्यांवरचा लेप सुटलेला. त्यांच्यावरून बेलॉकने स्वतः छापलेले कागद जवळजवळ उरलेच नव्हते.

फ्रीडलँडरने त्या लगेच घेतल्या नाहीत. घेतल्या १९६६ मध्ये.

काचांवरच्या या बायका कुठल्या, हे न्यू ऑर्लीन्समधल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नव्हतं. १८९७ मध्ये शहराच्या कारभारी मंडळातल्या सिडनी स्टोरी नावाच्या सभासदाने एक ठराव मांडला. वेश्याव्यवसायाला त्याने परवानगी दिली नाही, तो फक्त ठराविक सीमेबाहेर बेकायदा ठरवला. आत काय चालतं याबद्दल ठराव गप्प. कायद्याने डोळा कसा मिटावा याचा हा फारच चतुर नमुना. १८९८ पासून तो लागू झाला आणि लोकांनी त्या वस्तीला स्टोरीसाहेबांचंच नाव चिकटवलं: स्टोरीव्हिल. सभ्य माणसाला यापेक्षा वाईट स्मारक मिळणं कठीण. तिथे राहणारे मात्र नुसतं 'द डिस्ट्रिक्ट' म्हणायचे.

बेसिन स्ट्रीटवर ऐषारामी कोठे होते. लुलू व्हाइटचा 'महॉगनी हॉल' त्यांतला सगळ्यात गाजलेला. दिवाणखान्यात पियानो असायचा. वाजवणाऱ्याला 'प्रोफेसर' म्हणत. जॅझवादक जेली रोल मॉर्टन तरुणपणी असाच एक प्रोफेसर होता. गिऱ्हाइकांसाठी 'ब्लू बुक' नावाची छोटी पुस्तिका निघायची. तिच्यात बायकांची नावं, पत्ते आणि कोठ्यांच्या जाहिराती असत. नावापुढे रंगाची खूणही असे: गोरी, काळी, किंवा 'ऑक्टोरून', म्हणजे आठवा हिस्सा आफ्रिकी रक्ताची. एकाच आगगाडीच्या डब्यात काळ्यागोऱ्यांनी बसू नये, हा लुइझियाना राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये उचलून धरला होता. त्याच राज्यातल्या या वस्तीत रंग हाच मालाचा तपशील होता. मागच्या गल्ल्यांत एका खोलीची 'क्रिब' असायची, दारातच पलंग. तिथल्या बायकांची नावं पुस्तिकेत येत नसत.

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. लष्करी तळांच्या आसपास असल्या वस्त्या चालणार नाहीत, असं नौदल खात्याने ठरवलं आणि नोव्हेंबरात स्टोरीव्हिलला टाळं लागलं. पुढे सरकारी घरकुलांसाठी जवळपास सगळी वस्तीच जमीनदोस्त केली गेली. कोठे गेले, खोल्या गेल्या, भिंतींवरचे कागद गेले. बेलॉकच्या काचांवर त्यातलं थोडं काही उरलं. या फोटोंचं साल नेमकं ठाऊक नाही, अभ्यासक ते सुमारे १९१२ धरतात.

फ्रीडलँडरपुढे पहिली अडचण निघाली छपाईची. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्ह घट्ट असत. चांदीचा थर जाड, उजळ भाग जवळजवळ अपारदर्शक. १९६० च्या दशकातला साधा ब्रोमाइड कागद अशा काचेखाली ठेवला की चेहरे पांढरेफटक येतात, सावल्या काळ्या ठिक्कर, आणि मधल्या करड्या छटा कुठे गायब होतात कळत नाही. काचेत सगळं असतं, कागदाला ते पेलत नाही.

म्हणून तो मागे गेला. शतकाच्या सुरुवातीला 'प्रिंटिंग आउट पेपर' वापरत. हा कागद डेव्हलपरमध्ये बुडवावा लागत नाही. निगेटिव्हला चिकटवून चौकटीत दाबायचा आणि उजेडात ठेवायचा, चित्र आपोआप उमटत जातं. त्याची करामत अशी, की सावलीचा भाग आधी काळवंडतो आणि काळवंडला की तोच खालच्या लेपाला उजेडापासून झाकू लागतो. सावली स्वतःलाच आवरते. तोवर घट्ट भागातून झिरपणारा उजेड आपलं काम करत राहतो. त्यामुळे कानशिलावरच्या केसांपासून मांडीवरच्या चकाकीपर्यंत सगळ्या छटा एकाच कागदावर मावतात. मग गोल्ड क्लोराइडच्या पाण्यात बुडवून रंग स्थिर करायचा. लालसर तांबूस छटा थंडावून जांभळट तपकिरी होते आणि सोन्यामुळे चित्र टिकतंही.

उजेड थेट उन्हाचा नव्हता, सावलीतला होता. प्रत्येक काचेचा वेळ निराळा, कुठे तीन तास, कुठे चक्क सात दिवस. आठवडाभर उजेड खात पडलेली एक बाई. बाकी कुठल्या छायाचित्राची मूळ कल्पना कुणाचीही असो, या कागदांवर जे दिसतं त्यात फ्रीडलँडरच्या त्या आठवड्याचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. तो स्वतः रस्त्यावरच्या गजबजाटाचा छायाचित्रकार. दुकानांच्या काचा, प्रतिबिंबं, मध्येच येणारे खांब आणि फोटोत घुसलेली स्वतःचीच सावली, हे त्याचं जग. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये डायान आर्बस आणि गॅरी विनोग्रँड यांच्याबरोबर त्याची चित्रं 'न्यू डॉक्युमेंट्स' नावाने लागली. त्याच सुमारास एका मेलेल्या, अनोळखी माणसाच्या काचा तो छापत होता.

कागदावर चित्र उमटलं आणि ओरखड्यांचं रूप बदललं. निगेटिव्हमध्ये लेप खरवडला की तिथे काच मोकळी होते, आणि मोकळ्या काचेतून सगळा उजेड कागदावर पडतो. हातातल्या काचेवर लखलखीत दिसणारा डाग कागदावर काळा उमटतो. मऊ, संथ उजेडातलं उघडं शरीर, हात निवांत, पाय गुडघ्यात दुमडलेले आणि मानेच्या वर काळ्या रेघोट्यांचा गुंता.

हे कुणी केलं?

पहिला संशय गेला भावावर. बेलॉकचा भाऊ जेझुइट पंथाचा पाद्री होता. ब्रह्मचारी धर्मगुरूच्या हाती मेलेल्या भावाच्या टेबलातून नागव्या बायका लागल्या आणि त्याने संतापून चेहरे खरवडले, ही गोष्ट सांगायला फार सोयीची. लोकांना ती आवडलीही. पण संतापलेला माणूस काचा फोडतो. निवडक काचा उचलून, शरीर तसंच ठेवून, फक्त चेहरा खरवडत बसत नाही. नीतीचा कळवळा असता तर खरवडायला दुसऱ्या जागा होत्या.

मग लेपाची साक्ष पुढे आली. निगेटिव्हवरचा लेप जिलेटिनचा असतो. धुतल्याधुतल्या ते फुगून मऊ असतं आणि टोकदार काही लागलं की गोळा होऊन सुटतं. वाळल्यावर तेच कडक होतं, त्याचे कपचे उडतात. लेप ओला असतानाच चेहरे खरवडले गेले, असं म्हणणारे अभ्यासक त्यामुळे बेलॉककडेच बोट दाखवतात. १९४९ नंतर कुणीही त्या काचांना हात लावला तरी लेप तोवर केव्हाच सुकलेला होता. तसं असेल तर डार्करूममध्ये उभं राहून, नुकतीच धुतलेली काच हातात धरून, फोटो काढणाऱ्यानेच तो चेहरा पुसला.

का? वस्तीतल्या बाईने ओळख पटू नये म्हणून विनवलं असेल. पण मग मुखवटा होता की. एकीने तो घातलाही आहे. पाठमोरं बसवता आलं असतं. आणि ओळख लपवायचीच होती तर काच ठेवली कशाला? मला स्वतःला विनवणीची शक्यता सगळ्यात पटते. फोटो काढून झाल्यावर मन बदलणं ही अगदी साधी गोष्ट आहे, आणि खर्च झालेली प्लेट फेकवत नाही. पण हा माझा अंदाज. काचेने एवढंच सांगितलं, की हात पाद्र्याचा असण्याची शक्यता कमी.

छपाईने आणखी एक गोष्ट उघड केली. तिच्याबद्दल ओरखड्यांइतकं बोललं जात नाही, मला मात्र ती जास्त महत्त्वाची वाटते.

काँटॅक्ट प्रिंट म्हणजे काच जेवढी, चित्र तेवढं. फ्रीडलँडरने एकाही बाजूने काही कापलं नाही. त्यामुळे बाईमागे टांगलेला पडदा जिथे संपतो ती कडाही दिसते. त्या पडद्यापलीकडे घराच्या लाकडी फळ्या, वाळत घातलेले कपडे, अंगणातला पसारा. एकीला नटवून, पांढऱ्या पोशाखात, पडद्यासमोर उभं केलंय. बाजूला मागल्या दाराची रोजची कळा. खोलीत घेतलेल्या फोटोंमध्येही तेच. भिंतीला टाचलेली चित्रं, कपाटावरच्या बाटल्या, कुठे मांडीवर कुत्रा.

बेलॉक धंदेवाईक छायाचित्रकार होता. जहाजबांधणी कंपनीसाठी त्याने जहाजांचे, यंत्रांचे फोटो काढले. जहाजाच्या फोटोत काय राहू द्यायचं आणि काय वगळायचं हे गिऱ्हाईक सांगतं. पडदा टांगणारा माणूस त्या पडद्याच्या कडा शेवटच्या चित्रात ठेवत नाही. त्याने बाईभोवती चौकट आखून उरलेलं कापलं असतं, किंवा कडा धूसर करून लंबगोलात तिला बसवली असती. त्या काळच्या स्टुडिओत सगळे तसंच करत. म्हणजे आज ज्यासाठी आपण या चित्रांपुढे थांबतो, ती नटलेल्या देहाशेजारची वाळत घातलेली कापडं, तो खोटा पडदा आणि खरी भिंत, ते सगळं बेलॉकने बहुधा कात्रीखाली घातलं असतं. ते जपलं फ्रीडलँडरने. दुकानाच्या काचेतला गोंधळ ज्याला प्रिय, त्याच्या डोळ्यांनी.

१९१२ च्या आसपास कलात्मक म्हणवणारी छायाचित्रणातली देहाकृती कशी होती, ते आठवलं की हा फरक टोचतो. कॅलिफोर्नियात ॲन ब्रिगमन सिएरा पर्वतातल्या वाकड्यातिकड्या झाडांत नग्न देह बसवत होती. ती चित्रं सुंदर आहेत, यात शंका नाही. पण तो देह म्हणजे झाडाचा आत्मा, वाऱ्याचा उच्छ्वास असं काहीतरी असायचा. कडा मऊ, निगेटिव्हवर हाताने काम केलेलं, आणि स्त्री नेहमी स्वतःपेक्षा मोठ्या कशाची तरी प्रतीक. छायाचित्रकार स्टिग्लिट्झने चित्रकार जॉर्जिया ओकीफचे फोटो काढायला सुरुवात केली ती याच्या काही वर्षांनंतर. बेलॉकच्या काचांत प्रतीक नाही. कडा तीक्ष्ण आहेत, मोज्याची पट्टी मोजता येते. बाई कुणाचा आत्मा नाही. ती बसलीय, आणि तिच्याकडे एक माणूस कॅमेरा घेऊन बघतोय, आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. काही जणी हसतात. काहींना कंटाळा आलेला दिसतो. विवस्त्र असूनही मुद्रा अशी, की कपडे घालून भाजी आणायला निघाली असती तरी तीच असती.

१९७० मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये या चित्रांचं प्रदर्शन भरलं. छायाचित्र विभागाचा प्रमुख होता जॉन झारकॉव्स्की. सोबत पुस्तक निघालं, 'स्टोरीव्हिल पोर्ट्रेट्स'. बेलॉकचं नाव अमेरिकी छायाचित्रणाच्या इतिहासात एका फटक्यात जाऊन बसलं. लोक विचारू लागले, हा होता कोण?

उत्तरादाखल पुस्तकात एक संभाषण छापलं होतं. फ्रीडलँडरने न्यू ऑर्लीन्समधल्या ओळखीच्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यांत जॅझचा कॉर्नेटवादक जॉनी विग्ज होता, बेलॉकला उतारवयात पाहिलेले स्थानिक छायाचित्रकार होते, आणि वस्तीत काम केलेली, स्वतः बेलॉकच्या कॅमेऱ्यापुढे बसलेली एक स्त्रीही होती. झारकॉव्स्कीने या वेगवेगळ्या मुलाखती जोडून असं लिहिलं, की सगळे एका खोलीत बसून गप्पा मारताहेत. वाचताना ते झकास वाटतं. कुणी एक आठवण सांगतं, दुसरा ती दुरुस्त करतो, तिसऱ्याला आणखी काही सुचतं. पण ती बैठक कधी झालीच नव्हती.

त्या गप्पांतून जो बेलॉक उभा राहिला तो विलक्षण होता. बुटका, डोकं वर निमुळतं, जवळजवळ विद्रूप, चिरक्या आवाजात फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलणारा, कुणाशी न मिसळणारा. तुलूझ लोत्रेकची आठवण निघणं ओघानेच आलं. पॅरिसच्या कोठ्यांत रमलेला बुटका चित्रकार आणि न्यू ऑर्लीन्सच्या कोठ्यांत रमलेला बुटका छायाचित्रकार. चौकट तयारच होती. त्या स्त्रीने मात्र सांगितलं ते एवढंच, की तो वागायला नीट होता, त्रास देणारा नव्हता. दंतकथेला या माहितीचा काही उपयोग नव्हता.

मग दंतकथेला पंख फुटले. मायकल ओंडाची यांच्या 'कमिंग थ्रू स्लॉटर' या १९७६ च्या कादंबरीत जॅझवादक बडी बोल्डनचा मित्र म्हणून बेलॉक येतो, आणि तिथे स्वतःला जाळून घेऊन मरतो. खरा बेलॉक म्हातारा होऊन मेला. १९७८ मध्ये लुई मालच्या 'प्रिटी बेबी' या चित्रपटात कीथ कॅरडीनने बेलॉक रंगवला. देखणा, उंच, हळवा. एका दशकाच्या आत तो विद्रूपही झाला आणि देखणाही. कादंबरीकाराला, दिग्दर्शकाला ती मोकळीक असतेच, तक्रार त्यांच्याविषयी नाही. गंमत अशी की संग्रहालयाच्या पुस्तकातला बेलॉकही त्यांच्याइतकाच रचलेला होता. फक्त त्यावर कादंबरी असं छापलेलं नव्हतं.

रेक्स रोज या लेखकाने बऱ्याच वर्षांनी कागदपत्रं धुंडाळली. त्याचे वडील अल रोज हे स्टोरीव्हिलचे इतिहासकार, १९७४ मध्ये त्यांनी त्या वस्तीवर मोठा ग्रंथ लिहिला होता. रेक्सच्या शोधातून पुढे आलेला बेलॉक १८७३ मध्ये फ्रेंच क्वार्टरमधल्या सुखवस्तू क्रिओल घराण्यात जन्मला होता. आधी हौशी छायाचित्रकार, मग धंदेवाईक. विक्षिप्त होता, उतारवयात एकाकीही. पण डोक्याच्या विकाराचा बुटका वगैरे काही नाही. साधा दिसणारा माणूस. शेवटच्या काळात ज्यांनी त्याला पाहिलं त्यांनी वाकलेला, चिडका म्हातारा पाहिला. पुढे त्या चित्रांनी नाव मिळवलं आणि त्यांच्या आठवणीतला म्हाताराही चित्रांना साजेसा होत गेला. अशा बायकांचे इतके जवळून, इतक्या निवांतपणे फोटो काढणारा माणूस आपल्यासारखाच असेल, हे मानायला बघणाऱ्यांना जड जात असावं. विद्रूप ठरवलं की कोडं सुटतं: बिचाऱ्याला त्या बायकांनी आपलंसं केलं. एक नियमित कामाचा, चांगल्या घरातला, अविवाहित छायाचित्रकार सुट्टीच्या वेळी तिथे जायचा आणि फोटो काढायचा, यात मात्र बरंच काही न सुटलेलं राहतं. पैसे दिले का? कुणी मागवले होते? 'ब्लू बुक'च्या जाहिरातीसाठी होते, की त्याच्या स्वतःच्या टेबलासाठी?

बायकांबद्दल तर इतकंही कळलेलं नाही. बहुतेकींची नावं गेली. ज्या वस्तीने नावांची छापील यादी काढली, त्याच वस्तीतले हे चेहरे बिननावाचे.

मुंबईच्या वाचकाला इथे छायाचित्रकार मेरी एलन मार्क आठवेल. फॉकलंड रोडवरच्या कोठ्यांपाशी तिने १९६८ मध्ये कॅमेरा काढला तेव्हा तिच्यावर पाणी आणि कचरा फेकला गेला. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, ती पुन्हा आली. रोज जाऊन उभी राहिली, शिव्या खाल्ल्या, हळूहळू कोठेवाल्या बायकांशी ओळखी झाल्या, मग दारं उघडली. १९८१ मध्ये 'फॉकलंड रोड' पुस्तक आलं. भडक रंग, निळ्याहिरव्या भिंती, पिंजऱ्यांचे गज. सोबत त्या बायकांच्या कहाण्या. त्या पुस्तकाबद्दल वाद घालता येतो, आपल्याकडे घातलाही गेला पाहिजे, कारण परदेशी छायाचित्रकार, तिथल्या अल्पवयीन मुली आणि महागडं पुस्तक यांचा हिशेब सोपा नाही. पण तिथे वाद घालायला तारीख आहे, माणसं आहेत, छायाचित्रकाराने लिहून ठेवलेली हकीकत आहे. बेलॉकने एक ओळ मागे ठेवली नाही.

ती मोकळी जागा एका कवयित्रीने घेतली. नताशा ट्रेथवेने २००२ मध्ये 'बेलॉक्स ओफीलिया' हा संग्रह काढला. त्यात कोठ्यावरची एक गोरी दिसणारी, मिश्र रक्ताची तरुणी पत्रं लिहिते, आणि तिच्याकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याकडे स्वतः बघायला शिकते. ट्रेथवेची आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. कातडीच्या रंगाची मोजदाद म्हणजे काय, हे तिला ऐकून माहीत नव्हतं. ओफीलिया काल्पनिक आहे आणि ट्रेथवे ते लपवत नाही. झारकॉव्स्कीच्या त्या न झालेल्या बैठकीपेक्षा मला हा सौदा अधिक सरळ वाटतो.

फ्रीडलँडरने पुढे स्वतःही विवस्त्र देहाचे फोटो काढले. त्यांचं पुस्तक १९९१ मध्ये आलं. त्या चित्रांत बायका घरातल्या साध्या खोल्यांत आहेत, सोफ्यावर, पलंगावर, दिव्याच्या वायरीशेजारी, आणि चौकटीच्या कडांवर घरातला नको तो पसारा मुद्दाम शिल्लक ठेवलेला आहे. बेलॉकच्या काचा आठवडा आठवडा उजेडात ठेवून तो काय शिकला, याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

संग्रहालयात आज बेलॉकचं चित्र लागतं तेव्हा शेजारच्या चिठ्ठीवर फोटो काढणाऱ्याचं नाव असतं, त्यापुढे अंदाजे साल, आणि खाली छपाई करणाऱ्याचं नाव: ली फ्रीडलँडर, १९६६ नंतरची छपाई. दोन माणसं, दोन तारखा, मध्ये अर्धं शतक. शीर्षकाच्या जागी बहुतेक वेळा लिहिलेलं असतं 'शीर्षक नाही'.